पेशीतील धरण आणि चार मण्यांची माळ
(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तापी नदी नंदुरबार जिल्हा ओलांडून गुजरातेत शिरते आणि उकाई येथे अडते. त्या धरणाचा फुगवटा मागे नवापूर तालुक्यापर्यंत येतो, हे या भागातील मंडळींना वेगळे सांगायला नको. भिंतीच्या एका अंगाला पाणी उंच साठते, दुसऱ्या अंगाला पातळी खाली असते आणि मधल्या वाटेने सोडलेले पाणी चक्र फिरवून वीज देते. मानवी शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत अशीच धरणे बांधलेली आहेत, आणि ती एकदोन नव्हेत, शेकड्यांनी किंवा हजारांनी आहेत. शालेय पाठ्यपुस्तकात त्यांना तंतुकणिका म्हणतात, इंग्रजी माध्यमातील मुले मायटोकाँड्रिया म्हणतात.

तंतुकणिकेला दोन आवरणे असतात. आतले आवरण घड्या घातलेल्या कापडासारखे दुमडलेले असते. अन्नातून मिळालेली शर्करा व स्निग्धांश यांचे प्राणवायूच्या साहाय्याने ज्वलन होताना जी ऊर्जा सुटते, तिच्या बळावर विद्युतभारित हायड्रोजन कण या आतल्या आवरणाच्या बाहेर ढकलले जातात. बाहेर त्यांची दाटी होते, आत टंचाई. मग ते परत आत येताना एका सूक्ष्म चक्रातून येतात आणि त्या चक्राच्या फिरण्यातून एटीपी नावाचे ऊर्जेचे चलन तयार होते. ही कल्पना पीटर मिचेल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९६१ मध्ये मांडली. पुष्कळांनी ती बराच काळ मानली नाही. १९७८ मध्ये त्याच कल्पनेसाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हे चलन शरीर साठवून ठेवत नाही, घडवते आणि खर्च करते. दिवसभरात घडणाऱ्या व मोडणाऱ्या एटीपीचे वजन केले तर ते माणसाच्या स्वतःच्या वजनाच्या आसपास भरते. हृदयाच्या स्नायूला ही गरज सर्वांत अधिक, कारण त्याला विश्रांती नाही.

ज्वलनातून निघालेले इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे पोचवले जातात. त्या हस्तांतरणातील एक छोटा, धावपळ करणारा निरोप्या म्हणजे सायटोक्रोम-सी. या नावाशी एका मराठी विदुषीचे नाव कायमचे जोडलेले आहे. कमला भागवत, विवाहानंतर कमला सोहोनी, या दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी. जन्म १९११ चा, इंदूरचा. १९३३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला तेव्हा तेथील संचालक सर सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून तो नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी एक वर्ष पारखून घेण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला आणि कामाने त्यांनी ती अट निरर्थक ठरवली. पुढे त्या केंब्रिजला गेल्या. वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी असते, म्हणजे प्राणी आणि वनस्पती यांच्या श्वसनाचे यंत्र मुळात एकच आहे, हे त्यांनी तेथे दाखवले आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. विज्ञानातील ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. हे काम त्यांनी बटाट्यावर केले होते. या सभागृहातील अनेक घरांत बटाटा चुलीपर्यंत पोचत नाही, पण त्यातही तोच श्वास चालतो, हे त्या कंदमुळानेच जगाला सांगितले, ही गोष्ट नमूद करण्याजोगी आहे.

मायदेशी परतल्यावर कमलाबाईंनी डाळी, तांदूळ आणि नीरा यांच्या पोषणमूल्यांचा अभ्यास केला. कुपोषित आदिवासी मुले व गरोदर स्त्रिया यांच्या आहारात नीरा कितपत उपयोगी पडेल, हा त्या कामाचा गाभा होता. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना त्याचे महत्त्व अधिक समजावे.

आता पेप्टाइड या शब्दाकडे वळू. प्रथिने ही अमिनो आम्लांच्या मण्यांची लांब माळ असते. माळ आखूड असली, दोन-चारपासून चाळीस-पन्नास मण्यांपर्यंत, की तिला पेप्टाइड म्हणतात. शरीरात अशी पुष्कळ पेप्टाइडे स्वाभाविकपणे असतात. ती प्रयोगशाळेत घडवायची तर पूर्वी मोठे कष्ट पडत. एक मणी जोडला की मिश्रण शुद्ध करायचे, मग दुसरा, पुन्हा शुद्धीकरण. महिने जात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील ब्रूस मेरिफील्ड यांनी यावर सोपा तोडगा काढला. माळ ओवणारा कारागीर दोऱ्याचे टोक खुंटीला बांधतो, त्याप्रमाणे त्यांनी पहिला मणी प्लॅस्टिकच्या बारीक गोळीला घट्ट बांधला. मग पुढचा मणी जोडायचा, उरलेले द्रव्य धुऊन टाकायचे आणि पुन्हा जोडायचे. माळ पूर्ण झाली की खुंटीवरून सोडवायची. १९६३ मध्ये त्यांनी या पद्धतीवरील पहिला शोधनिबंध प्रसिद्ध केला, तो अवघ्या चार मण्यांच्या माळेचा होता. १९८४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना एकट्याला मिळाले.

व्यापारी समाजाला यातील हिशेब चटकन कळेल. प्रत्येक टप्प्यावर शंभरातील नव्याण्णव माळा नीट जुळल्या असे धरले, तर चार टप्प्यांनंतर शहाण्णव माळा बिनचूक राहतात, वीस टप्प्यांनंतर मात्र ब्याऐंशी. उरलेल्या अठरा माळांत कुठे मणी गळालेला असतो, कुठे चुकीचा बसलेला असतो. त्या वेगळ्या काढणे हे पेप्टाइड घडवण्याइतकेच, कधी त्याहूनही खर्चाचे काम असते. हा हिशेब पुढे पुन्हा लागणार आहे.

तंतुकणिकेवर कृत्रिम पेप्टाइड सोडून पाहण्याचे काम भारतात चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी झाले आहे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे विद्यार्थी आणि पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झालेले पद्मनाभन बलराम यांनी आपल्या सहकाऱ्यांसह अ‍ॅलामेथिसिन या बुरशीजन्य पेप्टाइडचे तुकडे प्रयोगशाळेत घडवले. हे मूळ पेप्टाइड वीस घटकांचे. ते पेशीच्या आवरणात शिरून भोक पाडते. मिचेलच्या धरणाला भगदाड पडले तर काय होईल? ज्वलन चालू राहील, उलट अधिक वेगाने चालेल, पण चक्र फिरणार नाही आणि एटीपी तयार होणार नाही. सारी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाईल. बलराम, एम. के. मॅथ्यू आणि आर. नागराज यांनी १९८१ मध्ये हेच मोजले, आणि माळेची लांबी व तिच्यावरील विद्युतभार बदलला तर परिणाम कसा बदलतो हेही तपासले. लांब माळ भगदाड पाडते, आखूड माळ तितकेसे नाही. हे औषध नव्हते आणि त्याचा तसा दावाही कोणी केला नाही. धरणाची भिंत कशी आहे, हे भिंतीला धक्का देऊन समजून घेण्याचा तो मार्ग होता. संशोधनातील पेप्टाइडांचा फार मोठा वाटा आजही याच प्रकारचा असतो, हे ध्यानात ठेवले तर पुष्कळ गैरसमज टळतात.

भिंत पाडण्याऐवजी सांभाळणारे पेप्टाइड मात्र योगायोगाने सापडले. न्यूयॉर्कच्या कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. हेझल झेटो आणि माँट्रियलचे पीटर शिलर हे दोघे वेदनाशामक पेप्टाइडांवर काम करीत होते. दक्षिण अमेरिकेतील एका बेडकाच्या त्वचेत अफूच्या वर्गातील वेदनाशामक पेप्टाइड सापडले होते, त्याच्या धर्तीवर ते नव्या माळा घडवत होते. त्यांतील काही माळा पेशीत सहज शिरतात आणि थेट तंतुकणिकेत जाऊन बसतात, असे त्यांना आढळले. वेदनाशामक गुण काढून टाकून त्यांनी जी माळ पुढे नेली, तिला दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून एसएस-३१ हे नाव पडले. औषध म्हणून तिचे नाव एलामिप्रेटाइड. मणी चारच : आर्जिनिन, थोडा बदललेला टायरोसिन, लायसिन आणि फेनिलअलानिन. पहिला आर्जिनिन निसर्गातील नेहमीच्या आर्जिनिनचे आरशातील प्रतिबिंब आहे. डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात बसत नाही, तसे शरीरातील विकरांना हा उलटा मणी पकडता येत नाही, म्हणून माळ लवकर तुटत नाही.

२००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार ही माळ तंतुकणिकेच्या आतल्या आवरणापाशी हजार ते पाच हजार पट दाटीने गोळा होते. धनभारित पदार्थ ऋणभारित ठिकाणी ओढला जातो, म्हणून असे घडत असेल, हा पहिला तर्क. पण तो विद्युतदाब काढून टाकल्यावरही माळ बहुतांशी तेथेच जमत राहिली. कारण निराळेच निघाले. आतल्या आवरणात कार्डिओलिपिन नावाचे एक स्निग्ध द्रव्य असते. ते १९४२ मध्ये मेरी पँगबॉर्न यांनी गाईच्या हृदयातून प्रथम वेगळे केले, त्यावरून ते नाव. आवरणाच्या घड्या या द्रव्यामुळे टिकतात. एसएस-३१ त्याला जाऊन चिकटते. येथे कमलाबाईंचा सायटोक्रोम-सी पुन्हा भेटतो. पेशी आजारी पडली की हाच इमानी निरोप्या कार्डिओलिपिनशी अवाजवी सलगी करतो, त्याचे रूप पालटते आणि तो स्निग्धांश जाळू लागतो. तेथून पेशीच्या मृत्यूचा मार्ग सुरू होतो. चार मण्यांची माळ मध्ये बसते आणि निरोप्याला त्याच्या मूळ कामावर ठेवते, असे प्रयोगशाळेतील अभ्यास दाखवतात.

प्रयोगशाळेतील उंदरांत निकाल इतके चांगले आले की मोठ्या आशा निर्माण झाल्या. माणसांत मात्र चित्र बदलले. हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांवरील चाचणीचा निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला : हृदयाच्या स्नायूची हानी कमी झाली नाही. तंतुकणिकांच्या जन्मजात दोषाने स्नायू दुबळे झालेल्या २१८ रुग्णांवरील मोठ्या चाचणीत औषध घेणारे आणि न घेणारे यांच्या चालण्यात व थकव्यात फरक दिसला नाही. कोट्यवधी डॉलर खर्चून हाती आलेली ही उत्तरे. विज्ञानाचा हा भाग वर्तमानपत्रांत फारसा येत नाही, येतात ते उंदीर तरुण झाल्याचे मथळे.

यश मिळाले ते एका अत्यंत दुर्मीळ आजारात. डच बालरोगतज्ज्ञ पीटर बार्थ यांनी १९८३ मध्ये वर्णन केलेल्या आजारात कार्डिओलिपिनच नीट तयार होत नाही. आजार आईकडून येतो आणि बहुधा मुलग्यांनाच होतो. हृदय दुबळे, स्नायू अशक्त, वारंवार जंतुसंसर्ग, आणि अनेक बालके पहिल्या काही वर्षांतच दगावतात. संपूर्ण अमेरिकेत असे रुग्ण दीडशेच्या आसपास. म्हणजे जेथे माळ चिकटते तेच द्रव्य येथे बिघडलेले. चाचणीत रुग्ण केवळ बारा. पहिल्या बारा आठवड्यांच्या झाकलेल्या तुलनेत अपेक्षित फरक सिद्ध झाला नाही. पुढे औषध चालू ठेवलेल्यांत छत्तीस आठवड्यांनी सहा मिनिटांत चालण्याचे अंतर सुमारे ९६ मीटरने वाढले, पण तेव्हा कोण काय घेत आहे हे सर्वांना ठाऊक होते. बारा रुग्णांच्या पुराव्यावर मान्यता द्यावी काय? पालक वर्षानुवर्षे दार ठोठावत राहिले. सल्लागार समितीने ऑक्टोबर २०२४ मध्ये १० विरुद्ध ६ मतांनी अनुकूल कौल दिला, मे २०२५ मध्ये नियामकांनी तरीही नकार कळवला, आणि १९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गुडघ्याच्या स्नायूंची ताकद वाढल्याच्या आधारे सशर्त मान्यता दिली, तीही तीस किलो वा अधिक वजनाच्या रुग्णांसाठी. खात्रीचा पुरावा पुढील अभ्यासातून द्यावयाचा आहे. ज्या लहानग्यांना आजार सर्वाधिक छळतो ते बहुतेक या वजनाच्या अटीबाहेर राहतात. या निर्णयावर तज्ज्ञांत मतभेद आहेत आणि दोन्ही बाजूंना बोलण्यासारखे आहे.

या पार्श्वभूमीवर इंटरनेटवरून मागवता येणाऱ्या काचेच्या कुप्यांचा विचार करावा. एसएस-३१, किंवा २०१५ मध्ये अमेरिकेत शोधलेले, तंतुकणिकेच्या स्वतःच्या जनुकीय लिपीतून येणारे सोळा मण्यांचे एमओटीएस-सी, अशी नावे त्यांवर असतात. चरबी घटेल, वय थांबेल, थकवा जाईल, अशी आश्वासने सोबत असतात. आणि कुपीवरच बारीक अक्षरांत लिहिलेले असते : केवळ प्रयोगशाळेतील संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही. ते वाक्य शोभेचे नव्हे. माणसात टोचावयाचे औषध जंतुरहित असावे लागते, त्यातील जंतूंची विषद्रव्ये मोजावी लागतात, चुकलेल्या माळा किती उरल्या ते सांगावे लागते. संशोधनाच्या कुपीला यातले काही बंधन नसते, कारण ती परीक्षानळीत जायची असते. मघाचा शंभरातील अठरांचा हिशेब येथे स्मरावा. भारतात नव्या औषधाला २०१९ च्या नियमांनुसार केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता लागते. एमओटीएस-सी हे जागतिक उत्तेजक-विरोधी संस्थेच्या निषिद्ध यादीतही आहे, तेव्हा शाळा-महाविद्यालयांतील खेळाडूंच्या पालकांनी विशेष सावध असावे. व्यायामशाळेतील मित्राने सांगितले म्हणून स्वतःला सुई टोचून घेणाऱ्या तरुणाला ही माहिती घरातच मिळाली तर बरे.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट अलीकडे कानावर येते. उपवासाने तंतुकणिका ताज्यातवान्या होतात, म्हणून तपश्चर्येला विज्ञानाने शिक्का दिला, असे काही वक्ते सांगतात. उपाशी असताना पेशी शर्करेऐवजी स्निग्धांश जाळू लागते आणि जुने भाग मोडून वापरते, हे खरे. या मोडतोडीच्या संशोधनासाठी जपानचे योशिनोरी ओहसुमी यांना २०१६ चे नोबेल मिळाले, ते यीस्टवरील कामासाठी. त्यावरून अठ्ठाई वा वर्षीतप यांचे आरोग्यफळ सांगणे हे विज्ञानावरही अन्याय करणारे आहे आणि तपावरही. तप कर्मनिर्जरेसाठी करतात. मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्या तपस्व्याने आधी डॉक्टरांना विचारावे, एवढेच वैद्यकशास्त्र ठामपणे सांगू शकते.

अहिंसेचा प्रश्न मात्र टाळता येणार नाही. १९२२ पासून मधुमेह्यांना मिळणारे इन्शुलिन दीर्घकाळ गाई व डुकरांच्या स्वादुपिंडातून काढले जाई. १९८२ मध्ये जीवाणूंकरवी घडवलेले मानवी इन्शुलिन बाजारात येऊ लागले आणि अनेक घरांची घालमेल थांबली. मेरिफील्डच्या पद्धतीने घडवलेल्या पेप्टाइडमध्येही प्राण्याच्या अवयवाची गरज नसते. औषधाच्या कॅप्सूलचे जिलेटिन कशाचे, हेपारिन कशातून येते, असे विचारणाऱ्याला हा दिलासा आहे. पण दिलासा अर्धाच. तंतुकणिकांवरील प्रयोगांसाठी त्या सामान्यतः उंदरांच्या यकृतातून काढतात, आणि एसएस-३१ च्या मागे कित्येक उंदरांचे जीव गेले आहेत. घडवण्यात हिंसा नाही, पारखण्यात आहे. अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये आणि भारताने मार्च २०२३ मध्ये नियमांत बदल करून प्राण्यांऐवजी मानवी पेशी, चिपेवर वाढवलेल्या ऊती आणि संगणकीय पद्धती वापरण्यास वाट मोकळी केली. प्राण्यांवरील चाचण्या त्यामुळे थांबलेल्या नाहीत. शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थांनी विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना या नव्या पद्धतींकडे वळवले, तर जीवदयेच्या कार्यात त्याची गणना करण्यास हरकत नसावी.

राहता राहिला नंदुरबार. १९९८ मध्ये धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. भिल्ल, पावरा आदी समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. त्याचे मूळही एका मण्यात आहे, आणि ते पेप्टाइडांनीच उघड केले. १९५६ मध्ये केंब्रिजला व्हर्नन इन्ग्रम यांनी हिमोग्लोबिनचे तुकडे करून ते कागदावर पसरवले. निरोगी आणि सिकलसेलच्या रक्तात फक्त एक तुकडा निराळ्या जागी दिसला. १४६ मण्यांच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसले की लाल पेशी प्राणवायू कमी पडताच विळ्यासारख्या वाकतात, केशवाहिन्या तुंबतात आणि असह्य वेदना होतात. निरोगी लाल पेशी परिपक्व होताना आपल्या तंतुकणिका टाकून देते. सिकलसेलच्या रुग्णात काही लाल पेशी त्या तशाच बाळगून राहतात, असे गेल्या काही वर्षांतील संशोधनात दिसले आहे. तंतुकणिकांचा विषय असा सातपुड्यापर्यंत येऊन पोचतो. मात्र तंतुकणिकेवर काम करणारे कोणतेही पेप्टाइड सिकलसेलवर औषध म्हणून मान्य झालेले नाही, आणि तसे सांगून कोणी विकत असेल तर ती फसवणूक समजावी.

उपाय आहेत ते साधे व ठाऊक असलेले. हायड्रॉक्सियुरिया ही गोळी वेदनेचे झटके कमी करते. विद्राव्यता चाचणीला रक्ताचा थेंब पुरतो, ती सकारात्मक आली तर पुढील तपासणीने रुग्ण की वाहक हे ठरते. वाहक व्यक्ती सहसा निरोगीच असते. पती-पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता चारात एक. केंद्र शासनाचे सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाले. योगायोगाने १ जुलै हाच नंदुरबार जिल्ह्याचा स्थापनादिन. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे उद्दिष्ट आहे. मिरचीच्या पथारीवर, दुकानांत, गोदामांत या समाजातील व्यापाऱ्यांकडे काम करणारे अनेक हात धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर येथील पाड्यांवरून येतात. आरोग्य शिबिरात रक्तदाब आणि साखरेच्या टेबलाशेजारी सिकलसेल तपासणीचे एक टेबल मांडले, आणि निकालाचे कार्ड त्या कामगाराच्या हाती त्याला कळेल अशा बोलीत समजावून दिले, तर त्यासाठी स्वतंत्र इमारत वा मोठा निधी लागत नाही. तपासणीचे साहित्य शासकीय आरोग्य यंत्रणेकडे मागता येते.